पंपाची जुनी पाटी हातात आली की आधी उलटी करा

पेट्रोल पंपावरची एनॅमलची जुनी पाटी कुणी दाखवली तर समोरचा रंग आणि घोडा, शिंपला, तारा ही तेल कंपन्यांची चिन्हं, हे सगळं नंतर. आधी ती उलटी करा आणि मागची बाजू पाच मिनिटं बघा. एवढी साधी गोष्ट कळायला मला साडेचार हजार रुपये आणि बायकोची नेलपॉलिश रिमूव्हरची अर्धी बाटली खर्ची घालावी लागली. ती गोष्ट पुढे येईलच.

वागळे इस्टेटमध्ये माझं बोर्ड बनवायचं छोटं युनिट आहे. आज काम एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमचे पॅनेल, ॲक्रिलिक आणि एलईडीचं. पण १९८९ साली मी कामाला लागलो तो निऑनच्या बर्नरवर. काचेची नळी आचेवर फिरवायची, तोंडात रबरी नळी धरून हळूच फुंकर मारत राहायचं, म्हणजे वाकवताना काच चेपत नाही. पुढे निऑन गेलं, हात रिकामे झाले आणि हा नाद लागला. आज नौपाड्याच्या घरात एनॅमलच्या अकरा पाट्या आणि निऑनचे तीन बोर्ड आहेत. त्यातली एक पाटी बोगस आहे. ती मुद्दाम ठेवली आहे, नवीन माणसाला शिकवायला.

अमेरिकेतले शौकीन या पाट्यांना पोर्सिलीन म्हणतात, त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं की बशीसारखी चिनी माती असणार. तसं नाही. हा लोखंडी पत्राच. त्यावर काचेची पूड चढवून साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळवलेली असते. सरकारी दवाखान्यातला पांढरा ट्रे, निळ्या काठाचा मग, जुन्या रस्त्यांच्या नावांच्या निळ्या पाट्या, सगळं त्याच जातीचं. पत्र्याला काच धरून राहावी म्हणून आधी एक गडद अस्तर देतात, त्यात कोबाल्ट असतं. मग पांढरा, मग पिवळा, मग लाल, आणि प्रत्येक रंगाला भट्टीची वेगळी फेरी. ही फेऱ्यांची गोष्ट लक्षात ठेवा, कारण अस्सल-नकली ओळखायची निम्मी युक्ती तिच्यातच आहे.

डोळे मिटून अक्षराच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवा. एक रंग दुसऱ्यावर चढला असेल तिथे नखाला बारीक पायरी लागते. मग पाटी ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. अस्सल पाटीत ट्यूबचं प्रतिबिंब सरळ रेघेसारखं पडत नाही, संथ पाण्यात पडल्यासारखं थोडं हलतं. छापील पत्र्यावर ते सरळसोट पडतं आणि नख कुठेच अडत नाही.

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट. सुरुवातीच्या दिवसांत एका दुकानात मला पेगॅससची, म्हणजे त्या लाल पंखवाल्या घोड्याची, गोल पाटी दिसली. कडेला टवके, टवक्यांभोवती गंज, एका बाजूला ओरखडा. दुकानदार म्हणाला, "काका, पुन्हा मिळायची नाही." मीही मान डोलावली. घरी आणून भिंतीला टेकवली. दोन दिवसांनी हिने चहा घेता घेता विचारलं, "अहो, सगळ्या टवक्यांचा गंज एकाच रंगाचा कसा हो?" मी चिडलोच. ती उठली, कापसाच्या बोळ्यावर रिमूव्हर घेतलं आणि एका टवक्यावरून फिरवलं. बोळा तपकिरी झाला आणि खालून चकचकीत नवा पत्रा निघाला. गंज ब्रशने लावलेला होता.

तेव्हापासून खिशात ॲसिटोनची, म्हणजे त्या रिमूव्हरमधल्याच द्रवाची, लहान बाटली असते. भट्टीतून निघालेल्या एनॅमलला ॲसिटोन काही करत नाही, रंगाला मात्र लगेच सोडवतं. विकणाऱ्याला विचारून एका कोपऱ्यात फिरवा. त्याने नको म्हटलं तर उत्तर मिळालंच. याच बाटलीने डागडुजीही पकडता येते. टवका पुट्टीने भरून वर रंग मारलेला असेल तर तो सुटतो, आणि छोटं चुंबक फिरवलं तर पुट्टीच्या जागी त्याची पकड ढिली पडते. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च असेल तर अंधारात मारून बघा. नंतर लावलेला रंग बहुतेक वेळा आजूबाजूच्या काचेपेक्षा वेगळा उजळतो.

खरा टवका कसा दिसतो ते एकदा नीट पाहून ठेवा. माझ्याकडे बर्मा-शेल या जुन्या तेल कंपनीची एक पाटी आहे, तिच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढा टवका आहे. काच उडते ती शिंपल्यासारखी, गोलाकार लहरींनी. बाहेरून आत आलं की आधी पिवळ्याची पातळ कड, मग पांढऱ्याची, मग गडद निळं-काळं अस्तर, आणि मध्ये लोखंड. लोखंडाचा गंज काळपट, घट्ट, नखाने निघत नाही असा. बोगस टवक्यात या कडा नसतात. ग्राइंडर लावल्यासारखा एकच खड्डा असतो आणि गंज नारिंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा.

मग भोकं. पाटीची भोकं भट्टीत जाण्याआधी पाडलेली असतात, म्हणून भोकाच्या आतल्या कडेवरही काच चढलेली दिसते. नंतर ड्रिल मारलेलं भोक कच्चं असतं आणि भोवताली काच तडकलेली. स्क्रूखाली वायसर बसलेला असतो, त्याच्या जागी स्वच्छ रंगाची कडी राहते, कारण तिथे ऊन-पाऊस पोचलेलाच नसतो. पाटी पन्नास वर्षं भिंतीवर होती म्हणतात आणि वायसरची कडीच नाही? मग ती भिंतीवर नव्हतीच. पाटी कुठे वाकलेली असेल तर वाकल्या जागी काच तडकलेली असायलाच हवी. काच लवत नाही.

आणि आता मागची बाजू. पाटी एका बाजूची असली तरी पाठीवर अस्तर असतं, गडद, थोडं ओघळलेलं. भट्टीत ज्या टोकांवर ती टेकवली असेल तिथे बारीक खुणा राहतात. वर्षानुवर्षं भिंतीला लागून असल्यामुळे चुन्याचे, सिमेंटचे, मुंग्यांच्या घराचे डाग असतात. खोटं बनवणारा सगळी मेहनत तोंडावर घालतो, पाठीला पोतेरं फिरवून मोकळा होतो. माझ्या त्या घोड्याच्या पाठीवर काळा स्प्रे मारलेला होता, आणि मी ती दोन दिवस उलटी करूनसुद्धा पाहिली नव्हती.

काळ ठरवायला कंपन्यांचा इतिहास तोंडपाठ हवा, आणि तो फार मोठाही नाही. बर्मा-शेलची हिंदुस्थानातली कंपनी १९२८ ची, ती १९७६ साली सरकारने घेतली आणि पुढच्या वर्षी भारत पेट्रोलियम झाली. म्हणजे बर्मा-शेलची पाटी १९२८ ते १९७६ च्या मधली. स्टॅनव्हॅक, म्हणजे स्टँडर्ड व्हॅक्युम, १९३३ ची. मोबिलऑइल आणि लाल घोडा आपल्याकडे तिच्यामुळे. ती १९६२ मध्ये फुटली आणि आपल्याकडचे तिचे पंप एसो झाले. एसोचं १९७४ ला हिंदुस्थान पेट्रोलियम झालं, कॅलटेक्सही मागाहून त्यातच गेली. म्हणून आपल्याकडच्या पंपावरची 'एसो' पाटी १९४० सालची आहे असं कुणी सांगितलं तर हसून चहा प्या आणि निघा. इंडियन ऑइल १९५९ ची, आणि १९६४ पासून कॉर्पोरेशन. त्यांच्या काळात एनॅमल मागे पडत चाललं होतं, रंगवलेला पत्रा आणि प्लास्टिक पुढे येत होतं.

मजकुरातूनही साल सापडतं. 'गॅलन' लिहिलेलं असेल तर पाटी लिटर येण्याआधीची. मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. दरात आणे असतील तर एप्रिल १९५७ च्या आधीची, 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ मधली. उलट पाटीवर मोठ्या आकड्यांत '१९३६' असं सालच छापलेलं असेल तर मी हात लावत नाही. पंपवाल्याला तेल विकायचं होतं, इतिहास नव्हे.

मराठी अक्षरांच्या पाट्या सापडल्या तर सोडू नका. त्या जास्त करून रॉकेलच्या असतात, 'रॉक ऑइल'चं आपल्या तोंडी झालेलं रॉकेल. गावातल्या किराणा दुकानाच्या दारावर त्या लागायच्या. इथे तपासायची एक गोष्ट आमच्या धंद्यातली आहे. अक्षरं हाताने कापलेल्या स्टेन्सिलची असायची. एकाच पाटीवर 'ल' दोनदा आला असेल तर दोन्ही 'ल' शेजारी ठेवून मोजा. पोट, दांडी, कुठेतरी केसाएवढा फरक सापडतोच. बोगस पाटीत दोन्ही 'ल' तंतोतंत एक, कारण संगणकातून काढलेले. शिवाय हिंदी वळणाचा 'ल' आणि 'श' दिसला आणि विकणारा म्हणाला की ही पनवेलच्या दुकानावरची, तर त्याला विचारा की पनवेलला हा 'ल' कधीपासून यायला लागला.

शोधायचं कुठे? चोर बाजारात, मटण स्ट्रीटला, सगळे जातात. जा, डोळ्यांना सवय होते. पण तिथे भाव आधीच चढलेला असतो आणि नकली मालही तिथेच जास्त. मी फिरतो कळवा, मुंब्रा, शीळफाटा, पनवेल या पट्ट्यात. कारण साधं आहे. १९७३ ला वाशीचा पूल होईपर्यंत मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी ठाण्यावरून कळवा-मुंब्र्याला वळसा घालूनच पनवेलला जायची. पंप, गॅरेज, पंक्चरवाले, ऑइलची दुकानं सगळी या रस्त्यावर. आग्रा रोडला माजिवड्यापासून पुढे भिवंडीकडेही तेच. पूल झाला, रस्ते बदलले, पाट्या मागच्या बाजूला गेल्या. कुणाच्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून, कुणाच्या गटारावर.

माझी सगळ्यात आवडती पाटी कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर होती. शीळफाट्याच्या पुढे एका घरामागे. दोन्ही बाजूंनी वाचता येणारी, कडेला भिंतीत ठोकायची पट्टी असलेली, वरून कोंबड्यांनी पांढरी केलेली. आजी म्हणाल्या, "पत्रा घेऊन जा, पण आधी दुसरा पत्रा आणून दे. पाऊस तोंडावर आलाय." मी शीळफाट्यावरून नवा पन्हळी पत्रा आणला, चढून ठोकून दिला, वर दोन हजार रुपये हातात ठेवले. त्यांना वाटलं मला वेड लागलंय. तरी सांगतो, माहिती नसलेल्या माणसाला भंगाराचा भाव देऊन उठू नका. मी आजींना त्या पाटीचा बाजारात काय भाव येईल तेही सांगितलं होतं. त्यांचा विश्वास बसला नाही, ही वेगळी गोष्ट.

तुर्भ्याच्या, शीळफाट्याच्या भंगारवाल्यांकडे महिन्यातून एकदा तरी तोंड दाखवत जा. मोबाइलमध्ये पाटीचा फोटो ठेवा आणि दाखवून सांगा, असा जड पत्रा आला तर गॅस कटर लावण्याआधी मला फोन करा. पाटी उभी असलेल्या पंपावरून किंवा बंद गॅरेजच्या भिंतीवरून कुणी 'काढून देतो' म्हणाला तर नको म्हणा. ती चोरी असते. प्रत्येक खरेदीची पावती घ्या, साध्या कागदावर सहीची असली तरी चालेल. आणखी एक. १०० वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो आणि तशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पाट्या आता त्या वयात आल्या आहेत. परदेशातल्या भाच्याला भेट पाठवण्याआधी विचार करा.

घरी आणल्यावर घाई नको. साधं पाणी, भांडी घासायचा लिक्विड साबण, जुन्या बनियनचं फडकं. एवढ्याने निम्मी पाटी उघडते. डांबर लागलं असेल तर टर्पेंटाइन. वर मारलेला ऑइलपेंट असेल तर ॲसिटोन, थोडं थोडं. आपल्याकडे लोक हटकून चुकतात ते इथे. पितळेच्या समईसारखं चिंच-लिंबाने घासतात, नाहीतर संडास साफ करायचं ॲसिड ओततात. काही एनॅमल आम्लाने मरतं. विशेषतः लाल आणि पिवळा असा फिका पडतो की चमक पुन्हा येत नाही. तारेची घासणीही नको. टवक्यातला गंज दात घासायच्या जुन्या ब्रशने सुटेल तेवढाच काढा, हेअर ड्रायरने कोरडं करा आणि गाडीला लावायचं मेण चोळून ठेवा. मेण वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि दिवाळीत. खाडीची हवा आहे आपली, उघडं लोखंड एका पावसाळ्यात पुढे सरकतं. जुन्या रंगांत शिसं, कॅडमियम असू शकतं, म्हणून पॉलिशपेपर मारायचा नाही. टवके भरून रंगवायचेही नाहीत. पुढे विकायची वेळ आली तर रंगवलेली पाटी टवक्यांच्या पाटीपेक्षा कमी भावाने जाते.

आता निऑन, माझं जुनं घर. १९१० च्या डिसेंबरात जॉर्ज क्लॉड या फ्रेंच संशोधकाने पॅरिसच्या मोटारींच्या प्रदर्शनात पहिल्यांदा हे दिवे लोकांना दाखवले. म्हणजे निऑन आणि मोटारी यांची गाठ पहिल्या दिवसापासूनची. साध्या पारदर्शक नळीत लालभडक नारिंगी दिसतं तेच खरं निऑन. निळ्याला आतमध्ये आर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब असतो. हिरवा, गुलाबी, पांढरा हे नळीच्या आतल्या पावडरीचे किंवा रंगीत काचेचे. थंड प्रदेशात पारावाल्या नळ्या मंद पेटतात. ठाण्यात तो त्रास नाही, ठाण्यात थंडी असते कुठे? बाजारात 'निऑन' म्हणून मिळणारी लवचिक सिलिकॉनची पट्टी ही एलईडी आहे. ती विकून मीच पोट भरतो, पण तिला निऑन म्हणत नाही.

जुना निऑन बोर्ड घेताना नळीच्या टोकांकडे बघा. इलेक्ट्रोडपाशी थोडं काळं असणं वयाचं लक्षण, पण वीतभर काळं असेल तर नळी संपत आली. अक्षरांच्या मधला भाग काळ्या रंगाने झाकलेला असतो. तो जुना रंग खरवडू नका. आत गॅस आहे की हवा शिरली आहे हे आम्ही स्पार्क टेस्टर, म्हणजे ठिणगी देणारं हातातलं यंत्र, लावून बघतो. गॅस असेल तर नळी आपल्या रंगात उजळते, हवा भरली असेल तर काही होत नाही. गळलेली नळी पुन्हा भरता येते. तिला पंपाला जोडून आतली हवा ओढायची, मोठ्या दाबाची वीज देऊन तापवून आतली घाण जाळायची, मग हवेच्या दाबाच्या एक-दीड टक्का एवढाच गॅस सोडायचा. हे करणारे हात आता मुंबईत थोडे उरलेत. घेण्याआधी असा माणूस गाठून ठेवा. अमेरिकन बोर्डात एनॅमलच्या पत्र्यातून नळीची टोकं आत जातात, तिथली भोकंही आधीच सांगितल्याप्रमाणे तपासा. कडेवर काच नसेल तर साध्या पाटीला नंतर निऑन चढवलं आहे, भाव वाढवायला.

ट्रान्सफॉर्मरला मात्र हात लावू नका. १५,००० व्होल्टपर्यंत जातो तो. माझा एक मित्र न्यू जर्सीहून खिडकीत लावायचा छोटा 'गॅस' बोर्ड घेऊन आला, तिकडे पेट्रोलला गॅस म्हणतात. संध्याकाळी घरात आठ-दहा माणसं जमलेली, सगळ्यांना दाखवायची घाई. मी पिन बदलली आणि सॉकेटमध्ये घातली. ट्रान्सफॉर्मरच्या पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ स्वच्छ लिहिलेलं होतं, मी वाचलंच नाही. तीस वर्षं हेच काम केलेला माणूस. लाल अक्षरं झळाळून पेटली, टाळ्या पडल्या, आणि मग डब्यातून वितळलेल्या डांबराचा वास यायला लागला. या जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये डांबर ओतलेलं असतं. ते सोफ्याच्या कव्हरवर सांडलं, अजून डाग आहे. नळी वाचली हे नशीब. तुम्ही काय करा, परदेशातून आलेला ट्रान्सफॉर्मर जपून वेगळा ठेवा आणि तेवढ्याच व्होल्ट-मिलीॲम्पचा, २३० वर चालणारा आणि गळती झाली की आपोआप बंद पडणारा नवा ट्रान्सफॉर्मर जाणकाराकडून बसवून घ्या. निळी नळी फुटली तर पंखा बंद, खिडक्या उघड्या, मुलं बाहेर. आत पारा असतो. झाडूने लोटायचं नाही, ओल्या कागदाने टिपून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरायचं.

लावायचं राहिलं. ओल येणाऱ्या भिंतीवर पाटी टांगू नका. भिंतीवर आधी दोन लाकडी पट्ट्या मारा, पाटी त्यांच्यावर. म्हणजे मागून हवा खेळते. मूळच्या भोकांतूनच स्क्रू घाला, दोन्ही बाजूंना रबरी वायसर. हाताने आवळा, ड्रिलमशीनने आवळलं की काच तडकलीच म्हणून समजा. नवीन भोक पाडायचं नाही. भोकं जुळत नसतील तर पट्ट्या सरकवा.

खुराड्यावरची पाटी मी अजून लावलेली नाही. ती दोन्ही बाजूंनी वाचता येते, मग एक बाजू भिंतीकडे करणं जिवावर येतं. दार आणि गॅलरीच्या मधल्या चौकटीला ती काटकोनात बसेल, असं मोजून ठेवलंय. ही म्हणते, येता-जाता डोकं आपटेल. बरोबर आहे तिचं, पाटीची खालची कड जमिनीपासून पाच फूट सात इंचांवर येते आणि मी पाच-आठ आहे.